पहिलीला एक मूल कमी

मे महिना संपत आला तरी सिस्टर लुडविना छत्री घेऊन मिरकरवाड्यात फिरत होत्या. होडी वर ओढून जाळं दुरुस्त करत बसलेला खुर्शीद त्यांना बघून म्हणाला, "काय ओ सिस्टर, आम्ही मासे धरतो, तुम्ही पोरं धरता. यंदा तुमच्या पण जाळ्यात काय लागत नाय वाटतं?"

सिस्टर हसल्या. दुसरं काय करणार? खरंच काही लागत नव्हतं. मराठी शाळेच्या पहिलीला एक मूल कमी पडत होतं.

मठाच्या सुपिरियरनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. शाळा उघडेपर्यंत पंधरा नावं झाली नाहीत तर यंदापासून पहिलीचा वर्ग बंद. खोली इंग्रजी शाळेच्या बालवर्गाला द्यायची आणि सिस्टर लुडविनांनी नाशिकच्या बाजूला, जिथे म्हाताऱ्या सिस्टर राहतात त्या मठात जायचं. "तुम्हालाही जरा आराम मिळेल," असं सुपिरियर म्हणाल्या. लुडविनांनी मान हलवली. आज्ञा पाळायचं व्रत घेतलेल्या बाईला मान हलवण्यापलीकडे काही करता येत नाही.

गंमत अशी की मराठी आणि इंग्रजी, दोन्ही शाळा ह्याच सिस्टरांच्या. आवार एक, फाटक एक. आत शिरलं की मुलं उजवीकडे वळली तर इंग्रजी, डावीकडे वळली तर मराठी. अलीकडे सगळी उजवीकडेच वळत होती.

लुडविना वसईच्या. घरी भाजीचा मळा होता, पाठीवर चार बहिणी होत्या. लग्न केलं तर चूल मिळेल आणि मठात गेलो तर फळा मिळेल, असा सरळ हिशोब त्यांनी विसाव्या वर्षी केला होता. फळा मिळाला, पण बाकी सगळं दुसऱ्यांनी ठरवलं. कुठल्या गावात राहायचं, कुठल्या खोलीत झोपायचं, आईच्या आजारपणात किती दिवस घरी जायचं, सगळं. ह्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही, कारण सकाळी पहिलीच्या वर्गाचं दार लावलं की आत कुणाची आज्ञा नसे. आतली मुलं त्यांना लुडू सिस्टर म्हणत. तो वर्ग गेला तर त्यांच्याजवळ फक्त आज्ञा उरणार होती.

मिरकरवाड्यातून त्या रिक्षाने आरे-वारेच्या रस्त्याला गेल्या. तिथे नम्रताची खानावळ होती. नम्रता त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. नवरा मुंबईला कंपनीत, सासू गंगुबाई भाकऱ्या थापायला आणि नम्रता बाकी सगळं बघायला. तिची मुलगी दिशा यंदा पहिलीत जाणार होती.

"बसा सिस्टर, कोकम सरबत घ्या," नम्रता म्हणाली. "तुम्ही कशाला आलात ते मला ठाऊक आहे. पण मी उलट तुमच्याकडेच येणार होते. इंग्लिश शाळेत दिशाचा नंबर लागला नाय. तुम्ही तिथल्या मोठ्या सिस्टरकडे शब्द टाका की."

"अगं, मी माझ्या वर्गासाठी आले, आणि तू मला त्या शाळेत पाठवतेस?"

"रागावू नका. इथे पुण्याची माणसं जेवायला येतात. माझ्याशी मराठी बोलतात, पोरांशी इंग्रजी बोलतात. परवा एक बाई तर कुत्र्याशी पण इंग्रजी बोलत होती. त्या कुत्र्याला समजलं सगळं, मला नाय समजलं." नम्रता हसली, मग हसायची थांबली. "नाय लागला नंबर तर मग तुमच्याकडेच घालीन. पण एकदा बघा ना, सिस्टर."

"बघते," लुडविना म्हणाल्या. तेव्हा त्या खरंच बघणार होत्या.

त्याच दिवशी संध्याकाळी मठात जेवताना इंग्रजी शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टर विल्मा म्हणाल्या, "बँकवाल्यांची बदली झाली, पहिलीत एक जागा रिकामी झाली माझ्याकडे. कोणी गरजू मूल असला तर सांगा बाई. नाहीतर उद्या दहा फोन येतील." विल्मा मंगळूरच्या, त्यांचं मराठी असं अडखळत चालायचं. त्यांनी टेबलाभोवती एकेकीकडे बघितलं. "लुडविना, तुम्ही सगळीकडे फिरता. आहे कोणी?"

लुडविनांच्या तोंडात घास होता. तो त्यांनी नीट चावला, गिळला आणि म्हणाल्या, "नाही."

जूनमध्ये दिशा फाटकातून आत आली आणि डावीकडे वळली. पंधरा झाली. सुपिरियरनी अभिनंदन केलं. लुडविनांनी वर्गाचं दार लावलं आणि नेहमीसारखी एक एक पाटी बघत फिरल्या. दिशाच्या बाकापाशी मात्र त्यांचा पाय उचलेना. पोर हुशार होती. एकदा सांगितलं की डोक्यात बसायचं तिच्या. ती जितकं पटकन शिके तितका सिस्टरांचा जीव कोंडायचा.

त्यात नम्रता दर आठवड्याला डबा पाठवू लागली. कधी आंबोळ्या, कधी फणसाची भाजी. स्वतः आली की वर्गाच्या दारापर्यंत यायची आणि इतर आयांना सांगायची, "आमच्यासाठी सिस्टरनी किती खटपट केली ओ! जागाच नव्हती, त्या तरी काय करणार?" सिस्टर तो डबा घेऊन उभ्या राहायच्या. परत देता येत नव्हता आणि खाववतही नव्हता. ज्या खोलीसाठी हे सगळं केलं, तिथे आता त्यांना श्वास घ्यायला जागा नव्हती.

शेवटी त्या विल्मांच्या ऑफिसात गेल्या. "ती जागा अजून आहे का?"

"कुठली? ती? कधीच गेली. का?"

का ते लुडविनांनी सांगितलं. विल्मा बराच वेळ पेनचं टोपण काढत आणि लावत बसल्या. "तुमचा वर्ग वाचला ना सिस्टर? मग आता सोडा. मी कोणाला बोलणार नाही."

आता ह्याही उपकाराचं ओझं झालं. शनिवारी शाळा सुटल्यावर लुडविना खानावळीत गेल्या. पावसामुळे गिऱ्हाईक नव्हतं. नम्रता चुलीपाशी सुरमई तळत होती. सिस्टरांनी उभ्याउभ्याच सांगितलं. जागा होती. मला विचारलं होतं. मी नाही म्हणाले. माझा वर्ग बंद पडणार होता म्हणून.

नम्रताने तुकडी उलटली. मग दुसरी उलटली.

"मला कशाला सांगितलंत हे?" तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही सांगितलंत, मोकळ्या झालात. आता मी काय करू? उद्यापासून पोरीला तुमच्या हातात कशी देऊ? आणि नाय दिली तर कुठे देऊ, सांगा ना!"

मोकळं सिस्टरांनाही वाटत नव्हतं, पण ते तिला सांगायची ही वेळ नव्हती. आत भाकऱ्या थापणाऱ्या गंगुबाईचे हात थांबले होते. "सिस्टरांना जेवायला वाढू का गो?" तिने विचारलं.

सोमवारी लुडविना वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या. पंधरावा बाक रिकामा दिसला तर सुपिरियरना स्वतः जाऊन सांगायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. घंटा झाली. मग फाटकाशी नम्रताची स्कूटर थांबली. तिने दिशाला उतरवलं, रेनकोटची टोपी तिच्या डोक्यावरून मागे केली आणि वर्गाकडे न बघता स्कूटर वळवली.

दिशा पाणी उडवत आली.

"सिस्टर, आईने सांगितलंय, दिवाळीपर्यंत मला पेपर वाचता आला पाहिजे. आणि इंग्लिश पण तुम्हीच शिकवायचं. नायतर..."

"नाहीतर काय?"

"ते नाय सांगितलं."

"बरं," सिस्टर लुडविना म्हणाल्या. "दप्तर ठेव आणि पाटी काढ." आणि त्यांनी दार लावलं.