कण्हमंडळाचा पट्टा

मी एक जुना कमरेचा पट्टा आहे आणि तुमच्याशी गोडगोड बोलायची मला अजिबात हौस नाही. मित्रांनो, माझा वास येतो हे मला ठाऊक आहे. वर्षानुवर्षं दुसऱ्याचा घाम प्यायलात तर तुम्हालाही येईल. तेव्हा नाकावरचा रुमाल काढा आणि ऐका.

माझा जन्म कारखान्यात झाला. जाड इलास्टिक, पाठ ताठ ठेवायला आत पोलादी पट्ट्या आणि ओढलं की खर्रर्र करणारी चिकटपट्टी. मला शिवणाऱ्या बाईने दोन्ही हातांनी ताणून पाहिलं आणि म्हणाली, "हा टिकणार बघ." आयुष्यात माझं कौतुक झालं ते तेवढंच. पुढे औषधांच्या दुकानात पडून राहिलो. लोक चपला हौसेने घेतात, छत्र्या हौसेने घेतात, मला घेताना मात्र प्रत्येकाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं.

मला घेतलं धाकट्याने. दोघा भावांचं सलून होतं. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा. थोरला मालक, धाकटा त्याच्या हाताखाली. दिवसभर उभं राहून आणि गिऱ्हाइकांवर वाकून धाकट्याची कंबर पार कामातून गेली होती. एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. थोरला म्हणाला, "बघ, काही नाही. नुसती नाटकं!" तेव्हापासून त्या माणसाचा मला राग आहे. दुखणं काय चेहऱ्यावरचा फेस आहे, आरशात दिसायला?

आधीच्या एका कारागिराने काम करताना दुखरी पाठ हाताने दाबून धरली, तर थोरल्याने त्याला हाकलून दिलं होतं. "कण्हणाऱ्याच्या हातात वस्तरा बघून गिऱ्हाईक पळतं," म्हणे. आपलीही खुर्ची जाईल या भीतीने धाकट्याने त्यानंतर दुकानात दुखण्याचं नाव काढलं नाही. मला शर्टाच्या आत आवळायचा आणि शीळ घालत दाढ्या करायचा. शीळ जितकी गोड, तितकी कळ मोठी. हे फक्त मला कळायचं, आणि मला तर तोंड नाही.

मग डॉक्टरांनी त्याला व्यायामाला धाडलं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत पाठीचे, मानेचे, गुडघ्यांचे जुने रोगी जमायचे. स्वतःला ते 'कण्हमंडळ' म्हणायचे. म्होरकी होती हेडबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. मंडळाचा नियम एकच: उपाय सांगायचा नाही. "माझ्या साडूला त्या तेलाने..." एवढं कोणाच्या तोंडून निघालं, की सगळ्यांच्या कपबश्या त्याने धुवायच्या. ट्रकवाले काका कायम मोरीपाशीच उभे असायचे. बाकी कण्हा, रडा, दुखण्याला शिव्या घाला. "कशावरून?" असं कोणी विचारणार नाही.

तिथे धाकटा पहिल्यांदा मोठ्याने "आई गं!" म्हणाला. कोणी वळूनही पाहिलं नाही. हेडबाईंनी फक्त चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. लगेच संतापही आला. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसाला घरदार सोडून दवाखान्याच्या मागे यावं लागतं?

व्यायामाच्या वेळी आम्ही सगळे पट्टे खुंट्यांवर लटकायचो. सगळे एकाच दुकानातले, एकाच मातकट रंगाचे. एकदा दुकान गाठायच्या घाईत धाकट्याने हेडबाईंचा पट्टा उचलला आणि मी गेलो हेडबाईंच्या घरी. मी त्यांना चांगलाच मोठा झालो. बाईंना वाटलं, आपण बारीक झालो! दोन दिवस स्वारी खुशीत होती. शेजारणीला बोलावून दाखवून झालं. तिकडे धाकट्याला वाटलं आपलं पोट सुटलं, आणि त्याने रात्रीचं जेवण सोडलं. माणसं अशी असतात, मित्रांनो. आणि बुद्धू म्हणे आम्ही वस्तू!

शेवटी बाईंच्या ध्यानात आलं. त्या मला घेऊन थेट सलूनमध्ये शिरल्या आणि वर्गावरच्या आवाजात म्हणाल्या, "अरे, तुझा कमरेचा पट्टा माझ्याकडे आला की!"

दुकानातली लपवाछपवी धाकट्याने मंडळालाही सांगितली नव्हती. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. खुर्चीतलं गिऱ्हाईक फेस लावलेल्या गालानेच वळून बघायला लागलं. थोरल्याने मला दोन बोटांनी उचललं, मेलेला उंदीर उचलावा तसं.

"हे घालून दाढ्या करतोस? मला फसवून?"

"दुखतं, दादा," धाकटा म्हणाला. "रोज दुखतं. आत्ताही दुखतंय."

"मग घरी बस. उद्यापासून येऊ नकोस."

हेडबाई मधे बोलायला गेल्या, तर थोरल्याने दाराकडे बोट दाखवलं. मला त्या माणसाला करकचून आवळावंसं वाटलं. गळ्याला.

दुसऱ्या दिवशी हेडबाई धाकट्याच्या घरी आल्या. "माझ्या तोंडाने तुझं काम गेलं," म्हणाल्या आणि हुंदका आला तसा पदर तोंडाला लावला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "आता केस काप माझे. वेणी झेपत नाही, हात वर जात नाहीत." पाठोपाठ ट्रकवाले काका आले, मग मानेला पट्टा लावणारी शिंपीण आली. पुढच्या खोलीत, उंच स्टुलावर बसून, धाकट्याने सगळ्यांचे केस कापले. मधेच थांबायचा, कण्हायचा, पुन्हा कात्री चालवायचा. एकही गिऱ्हाईक पळालं नाही. हळूहळू गल्लीतले लोकही येऊ लागले.

आणि एके दिवशी दारात थोरला उभा! केस कॉलरवर आलेले. दोघे भाऊ लहानपणापासून एकमेकांचे केस कापत. तिसऱ्याचा हात थोरल्याने डोक्याला कधी लागू दिला नव्हता. धाकट्याने खुर्ची पुढे ओढली. थोरला बसायला वाकला आणि अर्ध्यातच अडकला. एक हात खुर्चीवर, एक कमरेवर, दात आवळलेले. त्या अवघडलेल्या देहाची भाषा माझ्याइतकीच धाकट्यालाही येत होती.

"दादा, कधीपासून?"

"तुझ्याआधीपासून," थोरला म्हणाला.

खर्रर्र! धाकट्याने मला स्वतःच्या कमरेवरून सोडवलं आणि थोरल्याच्या कमरेला बांधलं. मित्रांनो, मी ओरडलो असतो. ह्याला? ह्या माणसाला? पण थोरला लहान पोरासारखा रडत होता. बसलो मग मी त्या कमरेला, नाइलाजाने. अजून माफ केलेलं नाही.

मला धुवा, उन्हात वाळवा, एवढी माझी सेवा पुरे. पण तुमच्या घरात कोणी "दुखतंय" म्हणालं, तर त्याच्याकडे पुरावा मागू नका. तो बिचारा गप्प बसायला शिकेल, आणि मग तुमचं दुखेल तेव्हा सांगायला तुम्हालाही कोणी उरणार नाही.