जाळीखालची पिवळी पट्टी

रंगकामाची चिकटपट्टी रंग ओला असतानाच काढायची असते. मी ती आठ महिने काढली नाही.

इंजिन म्हणजे रेल्वेच्या डिझेल इंजिनाची वीतभर लांबीची प्रतिकृती. या जातीच्या इंजिनाला बाहेरून चालायला जागा नसते, सगळं अंग पेटीसारखं झाकलेलं. त्यामुळे बाजूची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट, मागे हवेची एक जाळी तेवढी, आणि तिच्यावरची रेघ केसभर चुकली तरी डोळ्यात खुपते. म्हणून रेघांचं काम बायकोकडे असायचं. जोडकाम माझं, पट्ट्या तिच्या.

त्या दिवशी पिवळ्या रंगावर तिने बारीक चिकटपट्टी लावली. वरून निळा मारायचा आणि पट्टी ओढली की खाली पिवळी रेघ उरणार. मी पाहिलं आणि म्हणालो, "वाकडी आहे. मागे जाळीपाशी खाली उतरलीय."

ती म्हणाली, "अहो, वाकडी तुमची नजर आहे. रंग मारा, मग बघू."

मी घुश्शातच निळा मारला आणि न बोलता जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यापाशी कोसळली. त्यानंतर शुद्धीवर आलीच नाही. आमच्यातलं शेवटचं बोलणं ते एवढंच.

लेकीला हे ठाऊक होतं. आईने त्या संध्याकाळी तिला फोनवर सांगितलं होतं, की स्वारी फुगून बसलीय. परवा लेक आली, कपाट आवरताना तिने इंजिन बाहेर काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी म्हणालो, आता पट्टी घट्ट चिकटली असेल, रंगासकट निघेल. ती म्हणाली, "बाबा, रंगाचं सोडा. रेघ सरळ होती का, ते बघायची तुम्हाला भीती वाटते."

तिने आईचा केस वाळवायचा ड्रायर आणून दिला. ऊब देत, कडेने पातं फिरवत, पट्टी मागे दुमडून मी नखानखाने ओढली. पुढच्या अंगाला निळ्याचे टवके उडाले, दोन ठिकाणी खालचं प्लास्टिक दिसलं. मागे जाळीखाली मात्र रेघ स्वच्छ निघाली. आणि उतरलेलीच दिसली.

लेकीचा चेहरा पडला. मी पोलादी मोजपट्टी घेतली. तळाच्या कडेपासून रेघेपर्यंत पुढे मोजलं, मधे मोजलं, मागे मोजलं. तिन्हीकडे सारखंच. मग जाळी मोजली. तिची मागची बाजू केसभर वर होती. जाळी मी चिकटवली होती.

लेक एवढंच म्हणाली, "तेव्हा मोजायचं होतंत."

ती म्हणाली, जाळी उचकटून नीट बसवा. मी नको म्हणालो. टवके बुजवले नाहीत. दुसरी बाजू अजून नुसती पिवळी आहे, तिला हात लावायचं धाडस नाही.

काल तसंच ते आमच्या छोट्या आगगाड्यांच्या मंडळात नेलं. घड्याळं दुरुस्त करणारा माझा दोस्त तिथे होता. त्याने एक डोळा मिटून इंजिन न्याहाळलं आणि म्हणाला, "टवक्यांचं जाऊ दे, पण वहिनींची रेघ कधी चुकत नव्हती. ही मागे उतरलीय रे."

मी म्हणालो, "रेघ सरळ आहे. जाळी मी वाकडी लावलीय."

त्याला पटलं नाही. त्याने मोजपट्टी मागितली. मी दिली.