रेक्सचे दहा दिवस

१९८२च्या मे महिन्यातली गोष्ट. नंदाखाल गावातल्या फर्डिनंडच्या घरी सकाळी सकाळी दोन तयाऱ्या जोरात चालल्या होत्या. ओट्यावर त्याची बायको क्लारा मिरचीपूड आणि चुना कालवत होती, आणि अंगणात दोन शेजारी काठ्या पारखत होते. फर्डिनंडच्या मनगटाला त्याच्याच कुत्र्याने, रेक्सने, कडकडून चावा घेतला होता. मिरची जखमेसाठी आणि काठ्या रेक्ससाठी! अशा वेळी तुमच्या-आमच्या गावात दुसरं काय होतं?

एवढ्यात पलीकडच्या वाडीतून सालोमीमावशी आल्या. वांद्र्याच्या बंगल्यांत तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. साहेब लोक परगावी गेले, की त्यांच्या घरी राहून कुत्री-मांजरं सांभाळायची. आता साठी उलटल्यावर त्या गावी परतल्या होत्या. गाव त्यांना चेष्टेने ‘कुत्र्यांची आया’ म्हणे, आणि मावशी ते नाव मिरवत.

‘‘क्लारा, ती मिरची कालवणात घाल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणि साबण आण.’’

पंप सुरू करून त्यांनी फर्डिनंडचा हात धारेखाली धरला आणि चांगली पंधरा मिनिटं साबणाने धुतला. तो ओरडत होता, मावशी ढिम्म.

‘‘आता पहिल्या एसटीने सरकारी दवाखान्यात जा. इंजेक्शनं घे.’’

‘‘पोटात चौदा सुया?’’ फर्डिनंड उसळला. ‘‘आणि वालीवच्या कारखान्यात रजा कोण देणार? त्यापेक्षा कुत्रं मारलं की विष उतरतं. माझा बाबा हेच सांगायचा.’’

मावशी ओट्यावर बसल्या. त्यांचा आवाज खाली आला.

‘‘वांद्र्याच्या बंगल्यात भिवा म्हणून माळी होता. त्याला कुत्रं चावलं. लोकांनी ते लगेच ठेचलं आणि सगळे निर्धास्त झाले. भिवाने एक सुई घेतली नाही. दीड महिन्याने त्याला पाण्याचा पेला बघवेना. मी त्याच्या उशाशी होते, फर्डिनंड. तीन दिवस, तो जाईपर्यंत! कुत्रं मेलं म्हणून भिवाच्या अंगातलं विष मेलं नाही रे.’’

अंगणातल्या काठ्या खाली आल्या. क्लाराने तोंडाला पदर लावला.

‘‘पण मावशी, रेक्सला का जगवायचं?’’ तिने विचारलं.

‘‘कारण तोच सांगणार, त्याला पिसाळण्याचा रोग आहे की नाही. रोगट कुत्रं चावल्यावर दहा दिवस काढत नाही. तो जगला, तर फर्डिनंडच्या उरलेल्या सुया थांबवायच्या की नाही ते डॉक्टर ठरवतील. त्याला आज मारलात, तर विचारणार कुणाला? दहा दिवस मी सांभाळते त्याला. माझं कामच होतं ते!’’

फर्डिनंड कुरकुरत एसटीत चढला. मावशींनी रेक्सच्या साखळीत लांब काठी अडकवून त्याला आपल्या रिकाम्या गोठ्यात नेलं आणि दार लावून घेतलं.

पहिले तीन दिवस रेक्सने कशाला तोंड लावलं नाही. मावशी काठीने ताटली आत सरकवायच्या आणि फटीतून बघत बसायच्या. शेजारी विचारत, ‘‘एवढं प्रेम, मग आत का जात नाही?’’

‘‘प्रेम आहे, अक्कलही आहे,’’ मावशी म्हणायच्या.

पण रेक्स कुशीवर पडून सारखा डावा कान जमिनीला घासायचा. कानातून घाण वास येत होता. कान आतून पिकला होता हे मावशींना कळलं. फर्डिनंडने लाडाने तोच कान कुरवाळला असणार, म्हणूनच रेक्स चावला! तीस वर्षं असे कान साफ केलेला त्यांचा हात शिवशिवत होता. खात्री मात्र दहाव्या दिवशीच होणार होती. त्या दाराबाहेर बसून रडल्या, पण दार उघडलं नाही.

चौथ्या दिवशी रेक्सने पेज चाटली. सहाव्या दिवशी बोंबलाचं डोकं खाल्लं. तिकडे फर्डिनंड रोज पोट धरून परतायचा आणि वाटेत गोठ्यापाशी थांबायचा. आधी रागाने बघायचा, मग नुसताच बघायचा. आठव्या दिवशी मावशींना त्याचा हळू आवाज ऐकू आला, ‘‘रेक्स, तग धर रे बाबा!’’

दहावा दिवस उलटला आणि रेक्स शेपटी हलवत उभा होता! दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फर्डिनंडच्या पुढच्या सुया थांबवल्या. गुरांच्या डॉक्टरांनी रेक्सचं तोंड बांधून कान साफ केला आणि त्याला रोगप्रतिबंधक लस टोचली.

रविवारची उपासना, मिस्सा, संपल्यावर चर्चच्या आवारात फर्डिनंड स्वतःहून बोलायला उभा राहिला. ‘‘मी रेक्सवर काठी उगारायला निघालो होतो,’’ तो म्हणाला. ‘‘रेक्सला रोग असता, तर त्याला मारून मी घरी स्वस्थ बसलो असतो, आणि आज तुम्ही माझ्या आत्म्यासाठी मिस्सा म्हणत असता. मावशीने मला वाचवलं!’’ मग त्याने शर्ट वर करून सुयांच्या खुणा दाखवल्या, तशी बायका हसत पांगल्या.

मावशी पुढे सात वर्षं जगल्या. गावातली निम्मी कुत्री त्यांनी गोडीगुलाबीने लस टोचायला नेली.

मित्रहो, कुत्रं चावलं तर जखम साबणाने धुवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि मुक्या जनावरावर राग काढू नका. नंदाखालला कुत्रं चावल्याची आरोळी उठली, की घराघरांतून माणसं अजूनही धावत बाहेर येतात. त्यांच्या हातात साबण असतो.