पहिली भाकर टाकीवालीची

"जातं टाकवून घ्याऽ वो माय! पाटा टाकवून घ्याऽ!"

कामरगावच्या वरच्या आळीत सुंदरबाईनं पुन्हा हाळी दिली आणि पुन्हा कुणाचं दार वाजलं नाही. एरवी तिचा आवाज आला की बाया हातातलं काम टाकून दारात यायच्या. कुणाचं जातं आधी, यावरून दोघीतिघींची जुंपायची आणि सुंदरबाई मधे उभी राहून मजा बघायची. आज उत्तर आलं ते गावाच्या खालच्या अंगाहून. टुकटुकटुकटुक. जगदेव पाटलाच्या चक्कीचं इंजिन. दिवाळीपासून ते बोलायला लागलं होतं, आणि तेव्हापासून सुंदरबाईचं ऐकायला कुणाला फुरसत नव्हती.

तिच्या खांद्याला झोळी, झोळीत हातोडी आणि पोलादी टाक्या, म्हणजे दगड टोचायच्या छिन्न्या. जात्याच्या तळ्या, म्हणजे खालचा-वरचा दगड, घासून गुळगुळीत झाल्या की त्यांना टाकीनं बारीक टाके पाडायचे, म्हणजे दगड पुन्हा दाणा धरतो. एवढंच तिचं काम. पण एवढं झालं नाही तर घरची बाई खांदा मोडेस्तोवर दळत बसते आणि खाली भरड पडते. म्हणून या बाईचा मान होता. टाकवलेल्या जात्यात दगडाची कच राहते, त्यामुळे त्या दिवशीचं पहिलं पीठ घरच्यांनी खायचं नाही, अशी रीत होती. त्या पिठाची भाकर टाकीवालीनं त्याच घरच्या ओट्यावर बसून खायची. दाताखाली कच आली तर तिची तिनं चावायची आणि काम पुन्हा करून द्यायचं. ती खाऊन उठली की मग घरानं खायचं. गावात दुसऱ्या कुणाला घरधन्याच्या आधी भाकर मिळत नसे.

"सुंदरे, कायले उन्हात घसा फोडून राह्यली? ये, ताक पे."

मनकर्णाबाईनं दारातून हाक मारली. तिच्या घरचं जातं सुंदरबाई लग्न होऊन आली तेव्हापासून टाकवत होती. आत जाऊन पाहते तो जात्यावर पाण्याचा माठ ठेवलेला.

"काकी, जात्यावर माठ?"

"मंग काय करू? रिकामंच होतं." मनकर्णाबाई जरा ओशाळली. मग जवळ सरकून हळूच म्हणाली, "राग नको मानजो. पन खरं सांगतो तुले. एवढ्या वर्सात पहिल्यांदा सकाऊन उठली तं खांदा दुखत नाई. सून हासते आता. पयले पहाटीच तिचं तोंड सुतकी राहे."

सुंदरबाईला राग आलाच. ताकाचा घोट कसाबसा गिळून ती बाहेर पडली. आपण या बाईच्या घरचं अन्न बारीक केलं आणि हिला आपल्यापेक्षा इंजिन गोड झालं! पण चार पावलं गेली नाही तोच तिचा हात आपसूक आपल्याच खांद्यावर गेला. तोही दुखत होता. मनकर्णाबाईचं काही चुकलं नव्हतं, हे तिला कळत होतं, आणि त्यानंच ती जास्त चिडली.

घरी भाऊसिंग गाठोडं बांधून बसला होता. भाऊसिंग तिचा नवरा. पूर्वी तोही जाती टाकवायचा. एका खेपेला दगडाची कपची उडाली आणि डावा डोळा घेऊन गेली. तेव्हापासून झोळी एकट्या बायकोच्या खांद्यावर आली होती.

"हे कायचं गाठोडं?"

"मंगरूळपीरच्या सडकीवर गिट्टी फोडाले मानसं पाह्यजेत म्हंते. बाजार झाला का जातो."

सुंदरबाई मटकन खाली बसली. गिट्टी फोडणं म्हणजे दिवसभर कपच्या. एक डोळा दगडानं खाल्लाच होता, दुसरा त्याच्याच पुढ्यात नेऊन ठेवायचा.

"अवो, येकच उरला हाये तो!"

"मंग खाशीन काय? तुही हाळी?" तो तुटक बोलला. बोलल्यावर त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण नंतर बराच वेळ तो गाठोड्याची गाठ उगाच सोडत-बांधत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती उठली आणि थेट चक्कीवर गेली. या इंजिनाच्या दारात पाय ठेवणार नाही असं तिनं चारचौघींत सांगितलं होतं. ते तिनं गिळलं. तिथं पाहते तो जगदेव पाटील डोक्याला हात लावून बसलेला. चक्कीचा दगड बोथट झाला होता. पीठ जाड पडत होतं, बाया कुरकुरत होत्या, आणि दगड टाकवायला कारंज्याच्या कापसाच्या जिनातला फिटर यायचा, त्याला निरोपावर निरोप धाडूनही त्याचा पत्ता नव्हता.

"पाटील, दगड तं दगडच हाये. मी टाकवून देतो," सुंदरबाई म्हणाली.

जगदेवनं तिच्याकडं पाहिलं, बोथट दगडाकडं पाहिलं. "जमन तुले?"

"जल्मभर काय करून राह्यली मंग मी?"

माणसं लावून वरचा दगड उलटा केला. सुंदरबाई मांडी घालून बसली. दगड तिच्या सवयीच्या जात्याच्या चौपट, पण हात बसायला वेळ लागला नाही. टक टक टक टक. त्या दगडावर मधल्या तोंडापासून कडेपर्यंत अर्धवट झिजलेले लांब चर होते. ते पाहून तिनं तोंड वाकडं केलं. जात्याच्या तळीला चर पडला म्हणजे मोठा दोष. दाणा त्यातून न दळताच पळतो. फिटर मोठा, आणि काम असं फोडून ठेवलेलं! तिनं आजूबाजूचा दगड उतरवत आणला, होते नव्हते तेवढे चर साफ नाहीसे केले आणि दोन्ही दगडांवर एकसारखे बारीक टाके भरले. इतकं सुबक काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं. उठताना ती स्वतःवरच खूश होती.

"पयलं पीठ माहं, पाटील. त्याची भाकर खाऊन सांगतो, मंग लोकायचं घाला."

"बाई, इथी काय चूल हाये? बाया खोयंबल्या हायेत सकायपासून." जगदेवनं इंजिनाचं चाक फिरवलं आणि मनकर्णाबाईची ज्वारी ओतली.

सुंदरबाईनं आग्रह धरायला हवा होता. पण काम मिळालंय, उगाच कुठं ताणा, म्हणून ती गप्प बसली.

आधी पीठ बरं पडलं. मग ते गरम पडू लागलं. मग पडेनासं झालं. पट्टा घसरायला लागला, इंजिनाला ठसका लागला आणि चक्कीभर करपल्याचा वास पसरला. जगदेव धावत गेला, इंजिन बंद केलं. वरचा दगड उचलला तर खाली पिठाचा काळपट थर चिकटून बसलेला.

"दगडाचं वाट्टोयं केलं ना वं तू!" जगदेव ओरडला. बायांनी आपापल्या टोपल्या उचलल्या. मनकर्णाबाई आपल्या करपलेल्या पिठाकडं पाहत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं सुंदरबाईला वाटलं.

तिनं ते पीठ पदरात भरलं.

"ते कायले नेते?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"पयली भाकर टाकीवालीची, काकी. तुमच्या टोपल्यात माह्या घरची ज्वारी आणून टाकतो."

घरी तिनं त्याच पिठाच्या भाकरी केल्या. कडू जहर. भाऊसिंगनं एक घास खाल्ला, बायकोच्या तोंडाकडं पाहिलं आणि काही न विचारता अख्खी भाकर संपवली. सुंदरबाईला त्या भाकरीपेक्षा त्याचं ते न विचारणं जड गेलं. ती चुलीशी बसून मोकळेपणानं रडली.

"उद्या निंगतो मी," भाऊसिंग म्हणाला.

सकाळी फिटर आल्याची बातमी आली. किसनसिंग त्याचं नाव. बैलगाडीतून येऊन येऊन कंबर मोडलेला, अंगानं आडवा माणूस. सुंदरबाई गेली आणि चक्कीच्या दारात उभी राहिली. शिव्या खायच्याच तर समोर उभं राहून खाव्या, असा तिचा विचार होता.

किसनसिंग दगडावर तळहात फिरवत होता. फिरवता फिरवता तो हसायला लागला.

"पाटील, हे कोनं केलं?"

"हे काय, हे उभी हाये." जगदेवनं बोट दाखवलं.

"बाई, इकडं या. येवढे बारीक टाके आमच्या जिनात कोनाच्या बापाले जमत नाईत. फकस्त नाई पाह्यजे तठी पाडले तुमी! चर कायले बुजवले?"

"चर म्हंजे दोष ना भाऊ?"

"जात्याचा दोष. जातं हातानं फिरते, त्याचं पीठ हयूहयू चालत बाहीर येते. इथी इंजिन हाये. पिठाले पयाले वाट नाई भेटली तं ते दगडातच जयते." त्यानं गेरूचा खडा घेतला आणि दगडाच्या तोंडापासून कडेपर्यंत तिरपी रेघ ओढली. "तोंडापाशी खोल, कडीले येता येता उथय. मधल्या जाग्यात तुमचे टाके. बसा. येक चर मी मारतो, दुसरा तुमी मारा."

सुंदरबाई बसली. तिला शरम वाटत होती, आणि शरमेच्या खाली कुठंतरी हायसंही वाटत होतं. आपला हात चुकला नव्हता. त्याला हे काम ठाऊक नव्हतं, आणि ते शिकता येत होतं. पहिला चर वाकडा गेला. किसनसिंगनं आजूबाजूचा दगड उतरवून तो घालवायला लावला. दुसराही फार खोल झाला. "कडीपाशी हात हलका!" तो ओरडला. तिसऱ्याला तो ओरडला नाही.

"शिका बाई, शिका. माही कंबर वाचीन. दर खेपी या गाडीत बसलो तं येक दिवस मले बी कोनी टाकवाव लागन."

आता दगडाची पातळी पाहायची होती. किसनसिंगनं लांब लाकडी पट्टीला गेरू फासला आणि ती दगडावरून सरकवली. जिथं दगड उंच, तिथं लाल रंग लागतो. मग दगडाच्या कडेशी डोळा नेऊन तो निरखू लागला. तेवढ्यात दारात सावली पडली. गाठोडं खांद्यावर घेऊन भाऊसिंग उभा होता. मंगरूळपीरच्या वाटेवर चक्की पडते. जाता जाता बायकोला सांगून जावं म्हणून तो थांबला होता.

"ओ भाऊ, ठेवा ते गाठोडं, पट्टीचं टोक धरा," किसनसिंगनं हुकूम सोडला. तो कुणालाही असाच कामाला लावायचा. "आता पाहा, कोठी उजेड दिसते का पट्टीखाली?"

भाऊसिंग घुटमळला. "मले येकच डोया हाये, फिटर."

"मंग बरंच हाये की. दोन डोयेवाल्यालेही इथी येक मिटाच लागते!"

भाऊसिंग हसला. डोळा गेल्यापासून त्याच्या डोळ्यावरून कुणी काही बोललं की तो फाडून खायला उठायचा. आज हसला. मग गुडघ्यावर बसून त्यानं पट्टीखालून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "उजवीकडं, कडीपाशी. सुईयेवढा उजेड हाये."

सुंदरबाईनं टाकी उचलली तसा तो उठून लांब भिंतीशी गेला आणि तोंडावर शेला घेऊन बसला. तिचे घाव थांबले की यायचं, पट्टी सरकवायची, पाहायचं, आणि पुन्हा भिंतीशी जायचं. कपच्या उडत होत्या त्या तिच्या पायाशी पडत होत्या. दुपारपर्यंत दोघांची लय अशी जमली की किसनसिंग कोपऱ्यात आडवा झाला आणि घोरायला लागला.

"दगड बोथट झाला का ह्या दोघायले बोलवा, पाटील," जाताना तो म्हणाला. "धनजला बी नवी चक्की बसून राह्यली. तठीही ह्यायचंच नाव सांगतो. मले नोका बोलवू."

जगदेवनं मान डोलावली आणि इंजिनाकडं वळला. चक्कीसमोर बाया टोपल्या घेऊन जमल्या होत्या, पण कालची आठवण ताजी होती. कुणी पुढं होईना.

"थांबा, पाटील," सुंदरबाई म्हणाली. या खेपेला ती गप्प बसणार नव्हती. "आंधी माहं."

तिनं घरून आणलेली ज्वारी स्वतः ओतली. इंजिन सुरू झालं. पीठ पडू लागलं. तिनं हात खाली धरला. कोमट होतं, गरम नव्हतं. पायलीभर पीठ उतरल्यावर जगदेवनं इंजिन बंद केलं. आता भाकर कोण करणार, असा प्रश्न होता. चक्कीत चूल नव्हती, हे जगदेवचं म्हणणं खरंच होतं.

मनकर्णाबाई पुढं आली, तिनं पीठ आपल्या टोपलीत घेतलं आणि घराकडं गेली. आली तेव्हा फडक्यात गरम भाकर होती, वर मिरचीचा ठेसा.

सुंदरबाई चक्कीच्या ओट्यावर बसली. अर्धी भाकर मोडून तिनं नवऱ्याच्या हातात दिली. सगळ्या बाया तिच्या जबड्याकडं पाहत होत्या. इंजिन बंद, त्यामुळे चावणंसुद्धा ऐकू यावं अशी शांतता. तिनं सावकाश चावलं, जिभेनं दातांमागं चाचपलं, पुन्हा चावलं. कच नव्हती. कडूपणा नव्हता. नुसती ज्वारीची गोडी होती. इतक्या दिवसांचं छातीवरचं ओझं त्या घासाबरोबर खाली उतरलं आणि तिला ठसका लागला.

"पानी दे तिले," मनकर्णाबाई सुनेला म्हणाली.

पाणी पिऊन सुंदरबाईनं डोळे पुसले. "चालू करा, पाटील. घाला आपापलं दयन, वो माय."

इंजिन पुन्हा बोलू लागलं. बायांची रेटारेटी सुरू झाली, कुणाचं आधी यावरून दोघींची जुंपली, आणि सुंदरबाई ओट्यावर बसून ती मजा बघत राहिली. वरच्या आळीत तिची हाळी त्यानंतर पुन्हा कधी ऐकू आली नाही. भाऊसिंग उरलेल्या भाकरीला ठेसा लावून निवांत खात होता. त्याचं गाठोडं भिंतीशी तसंच पडलं होतं. त्यावर पिठाचा पांढरा थर बसत चालला होता, आणि ते झटकायची कुणालाच घाई नव्हती.