धाप कोणाची

माझा नवरा अग्निशमन दलात आहे. शिडी तो चढायचा आणि धाप मला लागायची. घरबसल्या. लेकीला भरवता भरवता छातीत एकदम धडधड सुरू झाली, की मी ओळखायचे, कुठेतरी आग लागलीय आणि हा वर चाललाय. धडधड थांबली की समजायचं, उतरला. मग पुढचा घास.

त्याच्या छातीत मात्र शुकशुकाट. दलाच्या तपासणीत त्याला सरकत्या पट्ट्यावर पळवलं, तरी ठोके जागचे हलेनात. तंत्रज्ञ वायरी हलवून बघत बसला. डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा कोपऱ्यात धापा टाकणाऱ्या माझ्याकडे.

"सिगारेट कधीपासून?"

"कॉलेजपासून."

"तरीच. ओढणाऱ्याचं हृदय श्रमाला हवी तशी साथ देत नाही. तुमच्या हृदयानं तर काम सरळ बायकोच्या गळ्यात टाकलंय. सोडा सिगारेट, काही महिन्यांत आपणहून कामाला लागेल. तोवर शिडी बंद. केंद्रातल्या फोनवर बसा."

सासूबाई ऐकून म्हणाल्या, "शाळेतसुद्धा गृहपाठ बहिणीकडूनच करून घ्यायचा मेला."

त्यानं सोडली. चिडचिड केली, लवंगा चघळल्या, लेकीची बिस्किटं फस्त केली. हळूहळू माझी धडधड कमी होत गेली. एका संध्याकाळी तो जिना चढून दारात थांबला, घामाघूम.

"अगं, मला दम लागलाय! मला!"

सासूबाईंनी शेजारच्यांना बोलावून दाखवलं. मीही हसले. पण आता हा आगीत शिरला तर मला कळणार कसं?

पुन्हा तपासणीला गेलो, तर तंत्रज्ञानं मला दारातच अडवलं. "नातेवाइकांनी हृदयासकट बाहेर थांबायचं."

मी लेकीला मांडीवर घेऊन बाकावर बसले, बोटं स्वतःच्या मनगटावर. आत पट्टा घरघरू लागला. माझी नाडी गपगार. वाटलं, इथल्या इथे उड्या माराव्यात. माझं हृदय पुढे झालं की त्याचं लाडावून पुन्हा मागे हटेल, हा नापास होईल, जन्मभर फोनवर बसेल. मी लेकीला खाली ठेवून उभीही राहिले. काहीतरी खेळ आहे असं वाटून ती टाळ्या पिटायला लागली.

आतून त्याच्या धापा ऐकू आल्या. मोठमोठ्या, त्याच्या स्वतःच्या. मी खाली बसले.

तो बाहेर आला तो नाचतच. "पास! पळताना ठोके भराभर चढले, थांबल्यावर पटापट उतरले! सोमवारपासून शिडी!"

"उतरलास की फोन करायचा."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"आणि चढताना?"

"चढताना नको," मी म्हणाले. "चढताना तुझं तू बघ."