आप्पांच्या नावाचा किडा

चांगदेव सरांनी न्हावरे गावातल्या शेततळ्यात किड्यांच्या दोन नव्या प्रजाती शोधल्या. म्हणजे चिखलात उतरल्या शाळेतल्या मुली, पकडलेही मुलींनीच. सर काठावर उभे राहून शोधत होते. किडे मेफ्लाय, क्लोइऑन नावाच्या वंशातले: लहानपण पाण्यात, मोठेपण पंखांवर. एकाचे पंख दुधाळ, दुसऱ्याचे काचेसारखे. दोन प्रजाती करायला सरांना तेवढं पुरलं.

आता नवा किडा म्हटला की नाव लागतं, आणि आपल्याकडं नाव म्हटलं की पुढारी लागतो. दुधाळ किडा शिक्षण संस्थेचे अध्यक्ष मारुतराव आप्पांच्या नावाने झाला. काचपंखी गेला उपाध्यक्ष मच्छिंद्ररावांकडे. आप्पांची खुर्ची कधी रिकामी होते ते बघून बघून यांची मान वाकडी झालेली. शाळेच्या गेटावर फ्लेक्स लागला: दोन पुढारी, दोन किडे, मधे सर. त्यातल्या त्यात किड्यांचे फोटो बरे आले होते.

नववीतल्या अपेक्षाने घोळ घातला. तिने बरणीत दुधाळ किडे ठेवले, सकाळी बघते तर काचपंखी! तळाला पातळ सालं पडलेली. पंख फुटल्यावरही हा किडा आणखी एकदा कात टाकतो.

"सर, प्रजाती एकच हाय. आप्पाच कात टाकून मच्छिंद्रराव होत्यात."

सरांचा चेहरा उतरला. "हळू बोल, बाई! ती बरणी घरी ठेव, न्हाईतर शिरूरच्या विज्ञान प्रदर्शनाला तुझ्याऐवजी वर्गातली करिश्मा जाईल."

शिरूरला जायचं म्हणून अपेक्षा झोपेतसुद्धा परीक्षकांना उत्तरं देत होती. तरी निवडीच्या दिवशी बरणी ओढणीखाली घेऊन ती आलीच.

निवड करत फिरणारे आप्पा तिच्या टेबलापाशी थांबले, मागोमाग मच्छिंद्रराव. "काय गं, यातला माझा कोणता?"

बरणीत एक नर बसला होता, डोक्यावर फेटा बांधल्यासारखे फुगीर डोळे. नेमका तेव्हाच तो पाठीवर उलला आणि चकचकीत होऊन बाहेर सरकला.

"हा तुमचा होता आप्पा. आता मच्छिंद्ररावांचा झाला."

मच्छिंद्रराव मिशीत हसले. "शेवटी समदे आमच्याकडंच येत्यात!"

आप्पांनी डोळे बारीक केले. निवडणुका त्यांनी उगाच जिंकल्या नव्हत्या. "फुडं काय करतो ह्यो?"

"काय न्हाई. तोंड असून नसल्यासारखं, खाता येत न्हाई. जोडी जमवायची आन् एक-दोन दिसांत मरायचं."

"मग असू दे की मच्छिंद्ररावाचंच नाव!" आप्पा खदखदून हसले. "शिरूरला हीच पोरगी जाणार!"

झालं, जिंकली होती. फक्त गप्प बसायचं होतं. सर लांबून हात जोडत होते. पण अपेक्षाला देवाने तोंड दिलेलं, आणि ते चालायचं.

"तसं न्हाई आप्पा. एकाच प्रजातीला दोन नावं पडली तर आधीचं टिकतं, जगभर नियम हाय. फ्लेक्सवर पहिलं नाव तुमचंच हाय."

मच्छिंद्ररावांनी टाळी वाजवली. "म्हंजे मरणारा आप्पांचाच! शिरूरला हिलाच धाडा!"

"मच्छिंद्रमामा, तुम्ही बी हसू नका. किडा नवाच हाय कशावरून? कुणीतरी कवाच नाव ठेवलं असंल."

दोन्ही पुढारी एकदम सरांकडे वळले. संस्था स्थापन झाल्यापासून दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं: ही पोरगी शिरूरला जाणार न्हाई.

बरणी कुशीत घेऊन अपेक्षा बाहेर पडली. रडू येईल असं तिला वाटलं होतं. जिन्यातच तिला हसू फुटलं.