शेवटच्या पायरीवरचा चौकोन

मालक तिच्या पाठीमागे येऊन उभे राहिले की आधी तळणाचा वास यायचा आणि मग खांद्यावरून तेलकट बोट. आज ते बोट थेट स्क्रीनवर टेकलं. "इथे एक चौकोन टाका. पिनकोड खेड्यातला असेल आणि सामानात गादी असेल, तर सहाशे जादा."

दुकान ऑनलाइन होतं, आजारी माणसांच्या सामानाचं: वॉकर, कमोडची खुर्ची, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी हवेची गादी. कुठल्या ऑर्डरला पोचवण्याचे किती पैसे, हे नियम ती स्क्रीनवर चौकोन आणि बाण जोडून आखायची. एरवी तिला हे काम मनापासून आवडायचं.

"पण पहिल्याच पानावर 'घरपोच मोफत' लिहिलंय," ती म्हणाली.

"लिहिलेलं राहू दे. सहाशे शेवटच्या पायरीवर दाखवायचे. पत्ता, फोन, सगळं भरून झाल्यावर. घरातल्या माणसाच्या पाठीला जखमा झाल्यात, तो काय तिथून परत फिरणार आहे?" मालक हसले.

तिला शिसारी आली. मालकांची तर आलीच, पण त्याहून जास्त स्वतःची, कारण तोवर तिचा हात चौकोन ओढायला लागला होता. बाण जरा वाकडा गेला, तर तिने तो सरळसुद्धा केला.

नियम ज्याने लावला त्यानेच एक खोटी ऑर्डर टाकून तो तपासायचा, अशी तिथली पद्धत. ती दर वेळी आईचाच पत्ता घालायची. गावाकडचा पत्ता, तिला तोंडपाठ होता. शेवटच्या पायरीवर आईच्या नावाखाली सहाशे उमटले. मग तिने गुपचूप एक वेगळी वाट काढली: हा पत्ता असेल, तर खर्च शून्य. आपल्या आईपुरतं तिने मिटवून टाकलं. त्या दिवशी जेवण मात्र गेलं नाही.

पंधरा दिवसांनी भरदुपारी आईचा फोन आला.

"अगं, काकांसाठी मावशीने तुमच्याकडनं गादी मागवली. मीच म्हटलं तिला, माझी लेक आहे तिथे, डोळे झाकून घे. आणि शेवटी सहाशे जादा? बिचारीने मुकाट्याने भरले. मी माझा पत्ता घालून बघितला, तर शून्य! हे काय गौडबंगाल आहे? कुठल्या मेल्याचं डोकं हे?"

मालकांचं, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. पण ते तोंडाशी येताच तिला तेलकट बोटापेक्षाही घाण वाटलं.

"आई, ते मीच लावलेत."

"आणि माझ्या पत्त्याचं शून्य?"

"तेही मीच."



"म्हणजे तुला कळत होतं," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

तिने आधी आईच्या पत्त्याची वाट खोडली, मग सहाशेचा चौकोन. मावशीचे पैसे परत टाकले. बदल कोणी केला, असं स्क्रीनने विचारलं, तिथे तिने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. पाठीमागून तळणाचा वास आला. तिने खुर्ची फिरवली आणि उठून उभी राहिली.